एका जागी दोन शिखरं

बिश्केक, ७ ऑक्टोबर २०१९

सायरागुल,

प्रयोगशाळेच्या प्रमुख म्हणून दामिरा एजेंनी सांगितलं, म्हणून लिहिते आहे, हे आधीच सांगून टाकते. आपणहून लिहिलं नसतं.

दक्षिणेकडच्या रक्ताच्या नमुन्यांचं मूळ वाचन तुला लेखासाठी हवं आहे, असं त्या म्हणाल्या. पाठवणार नाही. काम अजून अपुरं आहे, असं कारण मी त्यांना दिलं. तुला खरं कारण सांगते. तुझा नदीकाठचा फोटो एजेंनी मोठ्या फ्रीजच्या दारावर चिकटवला आहे. नमुने काढायला गेलं की आधी तुझे दात दिसतात, मग बर्फ. परदेशातल्या त्या एका जागेसाठी आपण दोघींनी अर्ज केला होता. मुलाखतीला जाताना तू माझाच कोट घालून गेली होतीस. जागा तुला मिळाली. कोट तू परत दिलास, धुऊन. तेव्हापासून आपण बोललो नाही, आणि त्यात तुझी काही चूक नव्हती. तेच मला जास्त लागतं.

एजेंनी तुझं भाषणही दाखवलं. एचआयव्हीचा संसर्ग नवा की जुना हे विषाणूच्याच विविधतेवरून कसं ओळखायचं, यावर तू छान बोललीस. नवा संसर्ग बहुतेक वेळा एकाच विषाणूपासून सुरू होतो, म्हणून सुरुवातीला सगळी पिल्लावळ एकसारखी असते. वर्षं जातात तशा नकला करताना चुका साचतात, आणि आलेखावर जिथे एकच शिखर असायचं तिथे दोन दिसू लागतात. औषध चालेल का हे बघायला आपण विषाणूचा क्रम वाचतोच, त्याच वाचनात ही दुहेरी शिखरं मोजायची. पद्धत जगाला माहीत आहे, मान्य. पण आपल्या नमुन्यांवर ती करून पाहू हे कोण म्हणालं होतं? होस्टेलच्या स्वयंपाकघरात तू बटाटे सोलत होतीस. मी म्हटलं, हे तर फुकट मिळतंय. तू म्हणालीस, "फुकट मिळतं ते लोकांना नको असतं, चिनारा. बटाटे पकड." आता तू टाळ्या घेतेस आणि मी अजून बटाटे पकडून बसले आहे.

वाचन देत नाही, पण माझं काम बघ. आपल्या दक्षिणेतल्या जलालाबादकडचं एक जोडपं आहे. नवरा सहा वर्षं नोवोसिबिर्स्कला बांधकामावर, अधूनमधून घरी यायचा. ऑगस्टमध्ये कायमचा परतला. बायको गावात, सासूपाशी. तिला पुन्हा दिवस गेले, तपासणीत एचआयव्ही निघाला, मग त्याचाही निघाला. औषध सुरू करण्याआधी दोघांचं रक्त आमच्याकडे आलं. त्याचं वाचन एकदम स्वच्छ, कुठेही दुसरं शिखर नाही. तिच्यात शिखरंच शिखरं. म्हणजे तिचा संसर्ग जुना आणि त्याचा नवा. रशियातून पुरुषच रोग घेऊन येतात असं सगळे धरून चालतात. इथे उलट निघालं.

लोक दुखावतील म्हणून विज्ञान काही गप्प बसत नाही. तू असतीस तर दहा वेळा मागेपुढे केलं असतंस.

चिनारा


बिश्केक, १४ ऑक्टोबर

सायरागुल,

दीड पानाच्या पत्राला तुझं उत्तर: "तिचं ठीक आहे. त्याच्या १८४ व्या जागी काय आहे?" कशी आहेस नाही, काही नाही. तिकडच्या लोकांना एवढं कमी बोलायला कोणी शिकवलं?

१८४ व्या जागी बदल आहे. मी आंधळी नाही. डॉक्टरांच्या अहवालात मीच लिहिलं आहे, की लॅमिवुडिन हे औषध त्याला लागू पडणार नाही. ज्याच्याकडून त्यानं रोग घेतला त्याच्याकडूनच तो बदलही आला असणार. यात तुला आणखी काय दिसलं ते नीट लिहायचे कष्ट घे, आणि लवकर घे. माझ्याकडे रविवारपर्यंतच वेळ आहे.

का, ते सांगते. ते जोडपं माझ्या घरचं आहे. माझा थोरला भाऊ, कुबात आके, आणि त्याची बायको बुरुल.

रक्ताच्या नळ्या मीच गावाहून बर्फाच्या डब्यात घालून आणल्या. दामिरा एजेंना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी ते काम माझ्या हातून काढून घेतलं असतं, आणि घरच्यांना खरं काय ते समजावं असं मला मनापासून वाटत होतं. घरात शिकलेली मी एकटी. मी नाही तर कोण?

काल आपाचा, आईचा, फोन आला.

"निकाल आला का गं?"

"येतोय, आपा."

"मशीनला म्हणावं हात चालव. इथं घर पेटलंय."

"मशीन काय तुझी सून आहे, धाक दाखवायला?"

"सून नाही तेच बरं. सुनेनं काय दिवे लावले ते बघतोय ना आम्ही." मग आवाज खाली आणून म्हणाली, "रविवारी तिचा मामा येतोय तिला न्यायला. तिनं जावं. आयदाना इथं राहील, पोर आमच्या घरची आहे. तुझा फक्त शब्द हवा. उद्या शेजारपाजार म्हणेल, पोटुशी सून हाकलली. सांगता आलं पाहिजे ना, आमच्या चिनारानं तपासून सांगितलंय म्हणून."

मी म्हटलं, "रविवारी येते, तेव्हा सांगेन."

आयदाना तीन वर्षांची आहे. तिचं रक्त दोनदा तपासलं, दोन्ही वेळा स्वच्छ आलं. ती झोपेत बुरुलच्या कानाची पाळी धरते. तिच्यापासून तिची आई तोडायची की नाही, ते माझ्या एका वाक्यावर आलं आहे. हे तुला कळावं म्हणून लिहिलं, दया दाखवावीस म्हणून नाही.

बुरुलबद्दल माझ्या मनात काही नाही. आधी नोवोसिबिर्स्कहून पार्सल यायचं ते माझ्या नावावर यायचं. लग्न झाल्यापासून तिच्या नावावर येतं, यात वावगं काय? गेल्या वर्षी तिला लोकरीचे अस्तर लावलेले बूट आले आणि मला डायरी. डायरी माझ्या उपयोगाची होती. आपानं माझी वेणी कधी घातली नाही, हात दुखतात म्हणायची. बुरुलची घालते. घालायची, आता बंद झालं. तूही एकदा घरी आली होतीस तेव्हा तिच्या हातच्या लागमान-शेवयांचा दुसरा वाडगा मागून घेतलास. मी होस्टेलवर तीन वर्षं लागमान केलं, एकदाही दुसरा मागितला नाहीस.

असो. १८४ चं काय ते लिही.

चिनारा


बिश्केक, १७ ऑक्टोबर

सायरागुल,

तुझं पत्र ईमेलवर मिळालं. या वेळी मोठं लिहिलंस. इतक्या वेळा वाचलं की तुझी वाक्यं माझ्याच तोंडात बसली आहेत. तू लिहिलंस:

"तो बदल विषाणूला लुळा करतो. औषधाचा मारा असेल तोवरच त्याचा त्याला फायदा. औषध थांबलं की धडधाकट भाऊबंद पुढे येतात आणि तो मागे पडतो. दुसऱ्याकडून आलेला असा बदल एवढा ठसठशीत टिकलेला क्वचितच सापडतो. म्हणजे रक्त घेतलं त्याच्या थोडं आधीपर्यंत तो माणूस स्वतः गोळ्या घेत होता. आणि गोळ्या धड नियमित नाहीत, धड बंद नाहीत अशा घेतल्या की काय होतं? मी सातवीत होते त्या वर्षी जुट पडला होता, आठवतं? बर्फावर पाऊस पडून वर कवच धरलं, मेंढरांना खालचं गवत खाता येईना. आमच्या कळपातली बहुतेक मेली. कवच फोडू शकतील अशा खुरांची तेवढी जगली. वसंतात जी पिल्लं झाली ती सगळी त्यांचीच, एकासारखी एक. परका कोणी आला असता तर म्हणाला असता, कळप नवाच दिसतोय. आणि तो कळप आमच्या आजोबांच्या वेळचा होता."

आणि खाली: "शपथेवर सांगत नाही. पण तिचा संसर्ग जुना असेल तर त्याचा त्याहून जुना असू शकतो. त्याला विचार. तिला नको."

आमच्याकडे मेंढरं नव्हती, नाहीतर मलाही सुचलं असतं. हे पहिलं माझ्या मनात आलं. लाज वाटावी असं आहे, पण आलं.

तू म्हणालीस ते बरोबर असणार. दोन्ही गोष्टी माझ्यासमोर एकाच पडद्यावर होत्या. वरच्या ओळीत स्वच्छ वाचन, खालच्या ओळीत १८४. वरचं मी घराला लावलं आणि खालचं डॉक्टरला लिहून दिलं. दोन्ही एकत्र ठेवायला हुशारी लागत नाही. फक्त उत्तर आधीच ठरवलेलं नसावं लागतं. माझं ठरलेलं होतं. बुरुल दोषी सापडायला हवी होती.

काल दामिरा एजेंकडे गेले. नुसतं तात्त्विक विचारल्यासारखं विचारलं, की एका जोडप्यात कोणाचा संसर्ग आधीचा ते यावरून सांगता येईल का.

"गर्दीचं मोजमाप आहे ते. कुठल्या भागात नवे रोगी वाढतायत ते कळावं म्हणून. एका माणसाला लावायचं नसतं. पहिल्या दिवशी सांगितलं होतं." मग चष्मा काढला. "कुणाचे नमुने आहेत?"

"गावाकडचे."

"गावाकडचे म्हणजे कुणाचे, चिनारा?"

"घरचे."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फ्रीजकडे बघत म्हणाल्या, "सायरागुल असती तर तिनं नळ्या आणायच्या आधी मला येऊन सांगितलं असतं."

बघ, मी इथे नोकरी घालवण्याच्या बेतात आहे आणि शाबासकी तिकडे तुला मिळते आहे.

उद्या निघते. आभार मानायला हवेत, ते मला जमत नाही. पुढच्या पत्रात बघू.

चिनारा


बिश्केक, २२ ऑक्टोबर

सायरागुल,

सगळं सांगते. मध्ये थांबले तर पुन्हा लिहिणार नाही.

शनिवारी दुपारी पोहोचले. अक्रोडांचे दिवस, सगळं गाव जंगलातून पोती भरून आणत होतं. कुबात आके अंगणात बसून अक्रोडांची हिरवी सालं काढत होता, हात कोपरापर्यंत काळे. खूप वाळला आहे. मी समोर बसले आणि सालं काढायला लागले. आपा आणि बुरुल आत होत्या.

"आके, गोळ्या कधी बंद केल्यास?"

"कसल्या गोळ्या?"

"नोवोसिबिर्स्कला घ्यायचास त्या."

त्यानं दोन अक्रोड सोलले. "कोण बोललं?"

"तुझंच रक्त बोललं."

"वा. बोलायला लागलं का तेही." हसला, पण हात थांबले. "दिमा द्यायचा. बरोबर काम करायचा. त्याची बायको दवाखान्यात कामाला. मिळाल्या की घ्यायचो, नाही मिळाल्या की नाही. तिथल्या डॉक्टरकडे रीतसर गेलो असतो तर परदेशी म्हणून हद्दीबाहेर काढलं असतं. मग इथं येऊन काय सांगायचं, का परत आलो? उन्हाळ्यात दिमाची बायको तिथून गेली. संपलं. आलो."

"बुरुलला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर राहिली असती ती?"

"आणि आता तिला घालवतायत ते चालतं?"

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "आपा म्हणते, चिनाराच्या तपासणीत बुरुलचंच निघणार. मी काही म्हटलेलं नाही."

"नाहीच म्हटलंस तू काही."

"चिनू, तू शाळेत जावंस म्हणून मी शाळेतून उठलो. आठवतं का?"

आठवतं. मी दुसरीत होते. वर्गाच्या खिडकीतून तो विटांच्या गाडीवर चढताना दिसला होता. त्यानं हे आयुष्यात कधी बोलून दाखवलं नव्हतं, आणि त्या दिवशी दाखवलं.

मी म्हटलं, "तुझं मी सांगणार नाही. रोग्याचं गुपित रोग्याचं असतं, तशी सही केलीय मी. पण तिचंही सांगणार नाही. उद्या म्हणेन, यावरून कोण पहिलं ते कळत नाही. आणि बुरुल निघाली तर आयदानाला घेऊन मीही तिच्याबरोबर निघेन. आपानं आडवं यायचं तर यावं. शिवाय तुला कुठलं औषध चालत नाही ते डॉक्टरला माहीत आहे. का चालत नाही, ते तो तुला विचारेलच."

"मोठी झालीस," तो म्हणाला. कौतुकानं म्हणाला की कडवटपणे, ते मला कळलं नाही.

रविवारी बुरुलचा मामा आला. झामीरबेक, गवंडी, कमी बोलणारा. जमिनीवर दस्तरखानाचं कापड अंथरलं, वर नान, मध, अक्रोड. आपानं त्याची चहाची वाटी, पियाला, काठोकाठ भरून पुढे केली. आपल्याकडे पाहुण्याला अर्धी देतात, पुन्हा पुन्हा भरता यावी म्हणून. भरलेली म्हणजे प्या आणि निघा. त्यानं तिच्याकडे बघितलं आणि हात लावला नाही.

"चिनारा, बोल," आपा म्हणाली.

"कोणाला आधी झालं ते या तपासणीतून कळत नाही, आपा."

"पाच वर्षं शिकलीस, आणि कळत नाही?"

"कळत नाही एवढं कळायलाच पाच वर्षं लागली."

"लोकांना काय सांगू? पोरगी राजधानीत जाऊन आमच्याएवढीच अडाणी होऊन आली?"

"तसं सांग."

मामा हळूच म्हणाला, "चल, बुरुल."

बुरुल दारापाशी उभी होती, एका हातात थैली. एवढ्या दिवसांत तिनं एकदाही मी निर्दोष आहे असं म्हटलं नव्हतं; विचारलं तरच बोलायची, आणि तिला कोणी विचारत नव्हतं. ती आयदानाला उचलायला वाकली. आपानं तिचा हात झटकला. "पोरीला हात लावू नकोस. रोग घेऊन फिरतेस आणि—"

मी कोट घेतला. उठले. खरं सांगते, आता मी काय करणार आहे ते मला माहीत नव्हतं. आपाशी झोंबाझोंबी?

"मी आणलाय रोग," कुबात आके म्हणाला.

बसल्या जागेवरून म्हणाला, मोठ्यानं नाही. काळे हात गुडघ्यांवर. "चार वर्षं झाली मला कळून. आयदाना पोटात होती तेव्हा. गोळ्या घेत होतो. बुरुलला माहीत नव्हतं. सोड तिचा हात, आपा."

आपा काय म्हणाली असेल? "हळू बोल. भिंतीपलीकडे लोक आहेत."

तिनं खिडकी लावून घेतली. मग बुरुलला म्हणाली, जणू दूध उतू गेल्याचं सांगते आहे, "तू काय उभी? ठेव ती थैली. कळलं ना आता सगळ्यांना."

"कळलं म्हणूनच निघाले," बुरुल म्हणाली. तिनं आयदानाला उचललं. या वेळी कोणी आडवं आलं नाही. कुबात आकेनं मान वर केली नाही, आणि ती त्याच्यासमोरून गेली.

मी गाडीत तिच्या शेजारी बसले. मामाची जुनी तिको, गुडघे हनुवटीला लागत होते. गाव मागे पडेपर्यंत ती आयदानाचे केस नीट करत होती. मी मात्र बडबडत होते, डॉक्टरीणबाईंसारखी: औषध वेळेवर घे, वहिनी, पोटातल्या बाळाला काही होणार नाही याची खूप आशा आहे, दर महिन्याला मी स्वतः येईन. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"तुला त्याचं कधी कळलं?"

"बुधवारी."

"त्याआधी काय वाटत होतं?"

समोर मामानं गियर बदलला. खोटं बोलायला भरपूर जागा होती.

"तू आणलास असं."

"मशीनमध्ये तसं दिसत होतं?"

"हो."

"की तुला तसं बघायचं होतं?"

"दोन्ही."

ती बाहेर बघत राहिली. पोत्यांनी भरलेली गाढवं, अक्रोड वेचून परतणारी माणसं. मला वाटलं आता ती मामाला गाडी थांबवायला सांगेल आणि मला उतरवेल. मी उतरले असते.

"लग्न होऊन आले तेव्हा," ती म्हणाली, "तू माझ्याशी सहा महिने बोलली नव्हतीस. मला वाटायचं, शिकलेली आहे, गर्व असेल." मग म्हणाली, "हिला धर जरा. हात अवघडलाय माझा."

सायरागुल, मूळ वाचन सोबत पाठवते आहे, सगळं. फक्त ते दोन नमुने काढून टाकले. ते कोणाचे हे तुला माहीत आहे, म्हणून ते आता कोणाच्याच अभ्यासात बसत नाहीत. दामिरा एजेंना लेखी कळवलं आहे. वर्षअखेरीपर्यंत मला नमुन्यांना हात लावता येणार नाही, पण कामावरून काढलेलं नाही. जुटचं उदाहरण तू लेखात घालच. लेखावर नाव तुझं आधी येईल. मला ते आवडणार नाही, आणि मी सही करेन.

तू माझ्या जागी असतीस तर पहिल्याच दिवशी १८४ बघितलं असतंस. एजेंना सांगितलं असतंस. बुरुलवर तो प्रश्न तुला विचारायची वेळच आली नसती. हे मला पक्कं माहीत आहे, आणि अजून मला ते जाळतं.

पण तू तिथे नव्हतीस. मी होते. आयदाना माझ्या मांडीवर झोपली, आणि झोपेत तिनं माझ्या कानाची पाळी धरली. थोड्या वेळानं बुरुलनं हात पुढे केले, "दे आता," म्हणाली. मी ऐकू न आल्यासारखं केलं आणि पुढचं वळण येईपर्यंत तिला दिली नाही.

चिनारा